अंजनवेलमध्ये घर बांधणं सोपं, विकणं का अवघड?

गेली काही वर्षं अंजनवेल, वेलदूर, रानवी या पट्ट्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाने फंडाच्या पैशातून गावी चिऱ्याचं चांगलं घर बांधलं. दहा-बारा वर्षं सुखाने राहिला. आता गुडघे साथ देत नाहीत, मुलं ठाणे-डोंबिवलीला स्थिरावलेली. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक येतं, बघतं, चहा घेतं आणि जातं. पुन्हा आलंच तर असा आकडा सांगतं की बांधकामाचा खर्चसुद्धा निघू नये. मग आपण म्हणतो, "भाव पडलेत."

भाव पडलेत हे खरं. पण आपल्या गावाचे भाव पहिल्यांदा पडलेले नाहीत. मागे वळून बघितलं तर हे का होतं ते नीट कळतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, दाभोळ खाडीच्या तोंडावर आपलं गाव. खाडीतून आत-बाहेर करणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला इथे किल्ला होता. आदिलशाही, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचा सिद्दी असे त्याचे धनी बदलत गेले. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी तो घेतला आणि गोपाळगड हे नाव दिलं. पुढे तो पेशव्यांकडे गेला. त्या काळात तालुकासुद्धा अंजनवेलच्या नावाने ओळखला जायचा. किल्ला आणि कचेरी म्हणजे शिबंदी आली, कारकून आले, वाणी आले, खलाशी आले. सगळ्यांना राहायला जागा लागायची.

१८१८ मध्ये इंग्रज आले. किल्ल्याचं काम संपलं, पुढे कचेरीही गावातून हलली. एवढा मोठा किल्ला नंतर खासगी मालकीत गेला आणि आत आंब्याची बाग झाली. राज्य संरक्षित स्मारक म्हणून त्याच्याकडे बघायला सुरुवात झाली ती अगदी अलीकडे. तट तोच, खंदक तोच, समुद्रही तोच. फक्त त्याच्या जिवावर पोट भरणारी माणसं उरली नव्हती. चिऱ्याला स्वतःची किंमत नसते, हे आपल्याला गोपाळगडाने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलंय.

त्यानंतर गाव जगलं मुंबईच्या मनिऑर्डरीवर. दाभोळहून बोटीने गेलेला माणूस गिरणीत, गोदीत, छापखान्यात लागला. घर इथे, पगार तिथे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं आयुष्य हललं. कित्येक जण निवृत्तीच्या वयाआधीच गावी परतले. ज्यांच्या नोकऱ्या टिकल्या त्यांनी पुढे फंड हातात आल्यावर घरं बांधली. ही घरं कुणी विकायला बांधली नव्हती. गणपती यावा, मुलं-नातवंडं यावीत, शेवट गावात व्हावा, एवढाच हिशोब. तेव्हा 'उद्या हे विकता येईल का' असं विचारणाऱ्याला अभद्र बोलू नको म्हणून गप्प केलं असतं.

मग आली एन्रॉन. १९९२ मध्ये करार, १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार, १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी. भूसंपादन, मोर्चे, लाठ्या, अटका हे सगळं या गावांनी सोसलं. पण त्याचवेळी दुसरंही काही घडत होतं. अभियंते, ठेकेदार, परप्रांतीय कामगार यांना खोल्या हव्या होत्या. गुहागरपासून शृंगारतळीपर्यंत लोकांनी पडवी बंद करून खोल्या काढल्या, माड्या चढवल्या. कुणी कर्ज काढून डंपर घेतला, कुणी जीप. जमिनीला कधी नव्हे तो दर आला आणि हा दर असाच वाढत जाणार असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मे २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद. डिसेंबर २००१ मध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली आणि इकडे खोल्यांना कुलपं लागली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली, प्रकल्प पुन्हा हलला, पुढे एलएनजी टर्मिनलही आलं. पण ती पहिली वर्दळ परत आली नाही. कंपनीच्या काळात उभं राहिलेलं निरामय रुग्णालयही बंद पडलं. निवृत्तांच्या गावाला हा फटका जमिनीच्या दरापेक्षा मोठा होता, असं माझं मत आहे.

कारण आज गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं? समुद्र किती लांब, हा नाही. रात्री छातीत दुखलं तर कुठे जायचं, हा. चिपळूण गाठायला तासाभराहून जास्त, डेरवण त्याच्याही पुढे. पुण्यात 'अथश्री'सारख्या खास ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आहेत. तिथे माणूस भिंतींसोबत डॉक्टर, जेवण आणि सोबत विकत घेतो. अर्थात, राहणारा ज्येष्ठच हवा अशी अट असली की गिऱ्हाईकही तेवढंच कमी. आपली वाडी कुणी जाहीर न करता तशीच वसाहत झालीय, फक्त सोयी सोडून. जनगणनाच बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. माणसं घटतायत आणि घरं वाढतायत. मग भाव कुठून राहणार?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू कागदाची, आणि ती आपल्या हातात आहे.

आपल्याकडे घरं गावठाणापेक्षा वाड्यांत जास्त. म्हणजे घराखालची जमीन बहुतेक वेळा सातबाऱ्यावरची. ग्रामपंचायतीची घरपट्टी आपल्या नावावर असते, माणूस निर्धास्त असतो. पण नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. सातबारा काढला की आजोबांचं नाव, त्याखाली चुलते, चुलतभाऊ, आत्या. काही ठिकाणी खोतीच्या काळापासून घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर कलम ४३ चा शेरा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून, काही अटी पाळून तो अडथळा सुटतो. आकार किरकोळ असल्याने ही रक्कम फार मोठी नसते. तरी कितीतरी जणांना हे माहीतच नाही.

शिवाय जमीन बिनशेती नसेल तर शेतकरी नसलेल्या गिऱ्हाइकाला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. किनाऱ्याजवळ सीआरझेड आहेच. आणि सौदा रेडी रेकनरच्या खाली ठरला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्याच किमतीवर. म्हणजे भाव पडला तरी सरकारचा हिशोब पडत नाही.

त्यामुळे स्वस्त मिळतंय म्हणून आलेला माणूसही कागद बघून मागे फिरतो. आपण त्याला पडलेला भाव म्हणतो. प्रत्यक्षात बरीचशी घरं भावापर्यंत पोचतच नाहीत. दोन शेजारची, एकाच वयाची घरं घ्या. ज्याचा सातबारा एकट्याच्या नावावर आणि मोजणी झालेली, ते उशिरा का होईना विकलं जातं. दुसऱ्याच्या छपरावर वड उगवतो.

कंपनी परत येणं, रुग्णालय उघडणं हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. त्यासाठी ग्रामसभेत बोलावं लागेल, आणि मी तर बातमीतून बोलतच राहीन. पण वारस नोंद, वाटप, मोजणी आणि मृत्युपत्र या चार गोष्टी घरातल्या घरात ठरू शकतात. बहिणींचा हक्क कायद्याने सारखा आहे. त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावू नका, आधी विचारा.

वर्षातून एकदाच सगळे हिस्सेदार एका छपराखाली असतात, गणपतीत. यंदा आरती झाल्यावर पत्ते काढण्याआधी सातबारा काढा. काका-काकू बोलण्याच्या स्थितीत आहेत, कोणता बांध कुणाचा हे त्यांना ठाऊक आहे, तोवरच हे काम सोपं आहे. नंतर तेच काम कोर्टात वीस वर्षं चालतं, आणि तोवर घर राहिलेलं नसतं.