रॉक गीतांतील मेहेरबाबा

रॉक गीतांतील मेहेरबाबा : पुण्यात जन्मलेले आणि अहिल्यानगरजवळ (पूर्वीचे अहमदनगर) अरणगावच्या माळावर, मेहेराबाद येथे ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा (२५ फेब्रुवारी १८९४–३१ जानेवारी १९६९) यांच्या विचारांतून इंग्लंडमधील रॉक संगीतात आलेली धार्मिक प्रतिमासृष्टी. ही गाणी मुख्यतः १९६९ ते १९७३ या काळातील आहेत. ‘द हू’ या बँडचा गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड (जन्म १९४५) हा या प्रतिमासृष्टीचा प्रमुख कर्ता. त्याच्या जोडीला ‘फेसेस’ बँडचा रॉनी लेन (१९४६–१९९७).

मेहेरबाबांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. घराणे झरतुष्ट्री, शिक्षण पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत व डेक्कन कॉलेजात. त्यांनी मानलेले पाचही सद्गुरू महाराष्ट्रातले : पुण्याच्या हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा. सूफी, वेदान्ती आणि झरतुष्ट्री परिभाषा त्यांच्याकडे एकत्र नांदते ती यामुळे. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले व ते अखेरपर्यंत सोडले नाही. संवाद आधी अक्षरफलकावर बोट फिरवून, १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी. साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुण एलएसडीत ईश्वर शोधू लागले तेव्हा बाबांनी अशा मादक द्रव्यांना स्पष्ट विरोध केला. चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्यामार्फत टाउनशेंडला बाबांची ओळख झाली आणि त्याने असली द्रव्ये सोडली.

या गाण्यांचा अर्थ लावताना देवाचे नाव शोधत बसणे फारसे उपयोगी पडत नाही. ‘बाबा ओ’रायली’ (१९७१) हे सर्वांत गाजलेले गाणे घ्या. शीर्षकात मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांची नावे एकत्र गुंफली आहेत. रायली स्वतः किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. पण गाण्याच्या शब्दांत बाबा कुठेच नाहीत. तिथे शेतात राबणारा एक माणूस आणि वाया चाललेली तरुणाई आहे. बाबांचा वावर आहे तो सुरावटीच्या मूळ कल्पनेत. त्यांच्या आयुष्याचा तपशील सिंथेसायझरला पुरवायचा आणि निघेल ती त्यांची धून मानायची, असा टाउनशेंडचा बेत होता. प्रत्यक्षात ऐकू येणारी गुंतागुंतीची नक्षी लॉरी ऑर्गनची आहे. व्यक्तिगणिक एक सूर आणि सर्वांचा मिळून एक नाद ही ‘लाइफहाउस’ या त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पाची बैठक. तिच्यामागे बडोद्यात जन्मलेले सूफी गायक हजरत इनायत खान यांचे नादविषयक लेखनही आहे. स्टेडियममध्ये मात्र हे गाणे तारुण्याचा जल्लोष म्हणून गायले जाते. गीतकाराच्या मनात खिन्नता होती.

याच्या उलट ‘बार्गेन’. त्याच ‘हूज नेक्स्ट’ (१९७१) या अल्बममधले हे गाणे वरवर पाहता रांगडे प्रेमगीत वाटते : तू मिळावीस म्हणून सर्वस्व घालवीन, तरी सौदा स्वस्तच. यात ना बाबा, ना देव, ना प्रार्थना. टाउनशेंडने स्वतः सांगितले आहे की हे गाणे भक्ताचा ‘मी’ गळून पडण्याविषयीचे आहे. मराठी वाचकाला या खुलाशाची खरे तर गरज पडू नये. ज्ञानदेवांच्या विराण्यांत विरहिणी बोलते आणि ऐकणारा विठ्ठल असतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि मोल काय मोजायचे ठरले आहे, हे तीन प्रश्न विचारले की ‘बार्गेन’ उलगडते. प्रियकर काहीतरी मिळवायला निघतो. हा गाणारा स्वतःला हरवायला निघाला आहे. खुद्द बाबांनाही ही वाचनाची रीत मान्य असावी. कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ हे १९३५चे निखळ ऐहिक गाणे त्यांच्या फार आवडीचे होते, आणि टाउनशेंडने ते बाबांना वाहिलेल्या ‘हॅपी बर्थडे’ (१९७०) या खाजगी वितरणाच्या रेकॉर्डवर गायले.

‘टॉमी’ (मे १९६९) या रॉक ऑपेराच्या श्रेयनामावलीत बाबांचा उल्लेख ‘अवतार’ म्हणून आहे. त्यातला नायक लहानपणी आरशात एक खून पाहतो आणि मुका, बहिरा, आंधळा होतो. पुढे आरसा फुटल्यावर तो बरा होतो, लोक त्याला मसीहा मानतात आणि शेवटी त्याच्यावरच उलटतात. टॉमीचे मुकेपण म्हणजे बाबांचे मौन, हा समज सोपा असला तरी पटणारा नाही. बाबांचे मौन जाणीवपूर्वक धरलेले होते, टॉमीचे आघाताने लादलेले. टाउनशेंडच्या म्हणण्याप्रमाणे टॉमी हा तुम्हीआम्ही आहोत : सत्य समोर असून त्याबाबत आंधळे-बहिरे. बाबांशी नाते शोधायचे तर ते आरशात शोधावे. आरसा मुख दाखवतो, पण मुखाचे असणे आरशावर अवलंबून नसते, ही ‘चांगदेव पासष्टी’तली मांडणी ज्याने वाचली आहे त्याला आरसा फोडण्याचा प्रसंग अधिक नेमका कळेल. टाउनशेंडने ज्ञानदेव वाचले असतील असा याचा अर्थ नाही. सूफी काव्यातही आरसा आहे, आणि बाबांच्या शिकवणुकीत दोन्ही प्रवाह मिळालेले आहेत. ख्रिस्ती खुणा उघड आहेत : नाताळावर एक गाणे, चमत्काराने बरे होणे, शिष्यगण. पण कथेचा शेवट पाहता त्या संस्थारूप धर्मावरच्या उपहासासाठी अधिक राबवल्या आहेत. विशेष म्हणजे बाबांनी देह ठेवल्यावर चारेक महिन्यांनी हा अल्बम बाहेर आला.

‘द हू’च्या ‘क्वाड्रोफेनिया’ (१९७३) या अल्बममधील पाण्याच्या प्रतिमा सर्वांत समर्थ आहेत. पाऊस हा ईश्वराचा आशीर्वाद आणि गडगडाट हा त्याचा आवाज, या बाबांच्या उद्गारावरून ‘लव्ह, रेन ओ’र मी’ हे गाणे आले. इंग्रजी कवितेत पावसाला बहुधा उदासी चिकटलेली असते, म्हणून तिथल्या श्रोत्याला या गाण्यातली आर्त मागणी निराशेची वाटू शकते. मृगाची वाट पाहणाऱ्या मुलखात ती कृपेची याचना म्हणून सरळ पोचते. ‘ड्राउन्ड’मध्ये समुद्रात बुडून जाण्याची इच्छा आहे, आणि तिला आत्महत्येची इच्छा मानणारे श्रोते आहेत. कथानायक जिमीपुरते ते पूर्ण चूकही नाही, कारण तो खरोखरच शेवटी समुद्रातल्या खडकावर एकटा उरतो. थेंबाने सागर होणे हा सूफी व वेदान्ती अर्थ त्याच शब्दांत शेजारी उभा आहे. दोन्हींपैकी एक निवडायची घाई केली तर गाणे पातळ होते.

रॉनी लेनची वृत्ती वेगळी, विनोदी. ‘स्टोन’ (१९७०) या गाण्यात जीव दगडापासून सुरुवात करून पुढच्या योनींतून चढत माणसापर्यंत येतो. ‘गॉड स्पीक्स’ (१९५५) या बाबांच्या ग्रंथातील उत्क्रांतीची ही गावरान आवृत्ती असून ती चौऱ्यायशी लक्ष योनींच्या वाचकाला लगेच ओळखू येते. गंभीर तत्त्व हसतखेळत सांगण्याची ही तऱ्हा एकनाथी भारुडाच्या जवळची आहे. हेच गाणे टाउनशेंडच्या ‘हू केम फर्स्ट’ (१९७२) या अल्बमवर ‘इव्होल्यूशन’ या नावाने आले.

त्याच अल्बमवरील ‘परवरदिगार’ मात्र थेट प्रार्थना आहे. बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेला टाउनशेंडने चाल लावली. येथे प्रतिमा उलगडण्याचा प्रश्न येत नाही. साहित्य म्हणून ती ‘बार्गेन’इतकी गुंतवत नाही, पण अनुयायांत तिचे स्थान वेगळे आहे.

गायक बॉबी मॅकफेरिनचे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ (१९८८) रॉक नव्हे, पण त्याचेही मूळ बाबांकडे जाते. वाद्यांविना केवळ आवाजावर रचलेले हे गाणे अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. शीर्षकाचे शब्द मॅकफेरिनला बाबांच्या चित्राच्या भित्तिपत्रकावर दिसले होते. बाबांच्या वचनात आधी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करण्याची अट आहे आणि मग निश्चिंतता. मॅकफेरिनच्या गाण्यात अट नाही, बाबाही नाहीत. घरभाडे थकलेल्या माणसाला दिलेला हलकाफुलका धीर आहे.