दोषांचा रकाना

आमच्या घराण्यात पारायणाची परंपरा आहे. आजोबा गुरुचरित्राची पारायणं करायचे, वडील ज्ञानेश्वरीची, आणि मी युनिक्सच्या मॅन्युअलची. फरक एवढाच, की पारायणानंतर त्या दोघांना मनःशांती मिळायची आणि मला मिळाला तो मेमो. खरं म्हणजे क्रम उलटा होता. मेमो आधी मिळाला, पारायण मग सुरू झालं.

मी एका सहकारी बँकेत 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' होतो. हा हुद्दा ऐकून शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "म्हणजे नक्की करतो काय हो हा?" आई म्हणाली, "बँकेतलं मशीन पुसतो." तिला तसं वाटलं असेल, पण एका रात्री मी ते मशीन खरोखरच पुसून टाकलं.

१९९४ सालची ३१ मार्चची रात्र. वर्षअखेर. डिस्कने मान टाकली. नवी डिस्क बसवली. आदल्या रात्रीची टेप कपाटात होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. माझ्या आधीचे गृहस्थ बदली होऊन जाताना एक वही ठेवून गेले होते. तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'डिस्क गेल्यास टेप लावून टार मारावा.'

टार हा टेपवर माहिती ठेवण्याचा आणि काढण्याचा प्रोग्रॅम. त्याला एक अक्षर द्यावं लागतं. 'एक्स' दिलं तर टेपवरचं डिस्कवर उतरतं, 'सी' दिलं तर डिस्कवरचं टेपवर चढतं. वहीत अक्षर नव्हतं. मी रोज रात्री बॅकअप घेताना 'सी' द्यायचो, बोटांना तीच सवय. मी 'सी' दिलं. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरल्या टेपवर व्यवस्थित चढला. मशीनने तक्रार केली नाही. युनिक्स फार सभ्य आहे, तुम्ही विहिरीत उडी मारत असाल तर ते मध्ये बोलत नाही.

पुढचे चार दिवस सगळा स्टाफ छापील याद्या आणि व्हाउचरं घेऊन आकडे पुन्हा भरत बसला. काउंटरसमोरच्या बाकावर एक आजोबा रोज सकाळी येऊन बसायचे. मुलीच्या ऑपरेशनचे पैसे काढायचे होते. "मशीन बंद आहे" म्हटलं की मान हलवायचे आणि दुपारी निघून जायचे. चौथ्या दिवशी साहेबांनी जुनं पासबुक बघून, स्वतःच्या जबाबदारीवर पैसे दिले. त्या आजोबांना माझा हुद्दा ठाऊक नव्हता, हे माझं नशीब. तो बाक मला अजून दिसतो.

आता तुम्ही विचाराल, मॅन्युअल नव्हतं का? होतं ना! साहेबांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट, डेडस्टॉक रजिस्टरला रीतसर नोंदलेलं. वापरून खराब झालं तर जबाबदार कोण, म्हणून कुलूप. आणि मशीनमधली पानं? डिस्कवर जागा वाचावी म्हणून ती बसवलीच नव्हती.

मेमो मिळाल्यावर मी किल्ली मागितली, वेष्टन फाडलं आणि वाचायला बसलो. टारचं पान निघालं. दोन्ही अक्षरं, प्रत्येकाचा अर्थ, सगळं स्वच्छ! मग हे लिहिणारे कोण, याचा शोध घेतला आणि एका वेगळ्याच घराण्याच्या इतिहासात शिरलो.

हे मूळ घराणं अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली, पण त्यांना नवं पीडीपी-११ मशीन हवं होतं. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पैसे मागायची सोय नव्हती. तेव्हा मंडळींनी मजकूर नीटनेटका छापण्याची व्यवस्था करून देतो असं सांगून मशीन मिळवलं, आणि पेटंट खात्याचे टायपिस्ट त्यावर अर्ज टाइप करू लागले. म्हणजे ज्या युनिक्सच्या नावाने पुढे जगभर भल्याभल्यांना घाम फुटला, तिने नोकरी धरली ती टायपिस्टाची.

मजकूर छापायचा प्रोग्रॅम हाताशी होताच. साहेब होते डग मॅकिलरॉय. त्यांचा आग्रह, की जे केलंय ते लिहून ठेवा. पहिलं मॅन्युअल निघालं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. आदल्याच वर्षी, १९७० साली, आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं होतं. 'अंदाजाने' या शब्दाला दोन्ही खंडांत एकदमच उतरती कळा लागली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या मॅन्युअलची बांधणी पाहण्यासारखी होती. प्रत्येक आज्ञेचं पान स्वतंत्र. आधी नाव, मग ती कशी द्यायची, मग वर्णन, संबंधित फायली, आणखी काय पाहावं, आणि शेवटी दोष. होय, दोष! स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडलंय याचा रकाना, छापील! वर, पान कोणाच्या मालकीचं तेही लिहिलेलं. आपल्याकडे स्थळ बघायला आलेल्यांपुढे मुलाच्या बापाने पत्रिकेसोबत 'मुलगा घोरतो, उधारी बुडवतो, खाली माझी सही' असा कागद ठेवावा, तसलाच हा प्रकार.

पण गंमत पुढेच आहे. दोष लिहायला बसलं की माणसाला लाज वाटते. एवढं लाजिरवाणं छापण्यापेक्षा प्रोग्रॅमच नीट करू, असं वाटायचं. मॅकिलरॉय यांनीच पुढे सांगितलंय, की दर आवृत्तीच्या वेळी दुरुस्तीची लाट यायची. मॅन्युअल सुधारता सुधारता यंत्रणा सुधारली. इतकी, की त्या घरात युनिक्सची आवृत्ती मॅन्युअलच्या आवृत्तीवरून ओळखली जाई. १९७९ सालची प्रसिद्ध 'सातवी आवृत्ती' म्हणजे मुळात पुस्तकाची सातवी आवृत्ती! आधी पोथी, मग देव.

मॅन्युअलचे विभाग पाडले होते. त्यातला आठवा आमच्यासारख्या मशीन पुसणाऱ्यांसाठी. आठव्या अध्यायात एरवी हसण्याची सोय नाही. पण बर्कली विद्यापीठातून १९८३ साली निघालेल्या आवृत्तीत फाइल सिस्टिम 'ट्यून' करण्याच्या आज्ञेखाली, दोषांच्या रकान्यात, फाइल सिस्टिम ट्यून करता येते पण मासा ट्यून करता येत नाही, अशा अर्थाची एक कोटी छापली. पुढे फ्रीबीएसडीच्या पानात, छापताना न दिसणाऱ्या जागी, एक शाप आढळला : ही ओळ जो काढील, त्याचा पिच्छा युनिक्सचं भूत काळाचा आकडा उलटेपर्यंत सोडणार नाही. बत्तीस बिटांचा तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी उलटायचा आहे. आपल्याकडे शिलाहारांच्या काळात दानपत्र मोडणाऱ्यासाठी गद्धेगाळ कोरत. त्यातला मजकूर चारचौघांत सांगण्याजोगा नाही. त्या मानाने बर्कलीकर सोवळे.

सगळंच काही गुण्यागोविंदाने चाललं नाही. ग्नूच्या मंडळींनी स्वतःची वेगळी पोथी काढली आणि जुन्या पानाच्या तळाशी 'पूर्ण माहिती तिकडे आहे' असं लिहू लागले. सरकारी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवरून सात नंबरला पाठवतात ना, तस्सं! डेबियनवाल्यांकडे तर ज्या आज्ञेचं पान कोणी लिहिलेलंच नाही, तिच्यासाठी एक पान होतं. 'या आज्ञेचं पान नाही' एवढंच सांगणारं पान. पुढे तीही पळवाट बंद झाली. पान नसणं हाच दोष, असा तिथला नियम आहे.

आणि या सगळ्याच्या मागे कोणी तरी मुकाट्याने लिहीत बसलेला असतोच. लिनक्सची पानं २००४ पासून कितीतरी वर्षं मायकेल केरिस्क यांनी सांभाळली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव होतं. पान लिहिणाऱ्याची आठवण फक्त पान चुकलं की होते. आमच्या वहीवाल्या गृहस्थांची मला झाली, तशी.

त्यांना मी मनातल्या मनात फार बोललो. पण पुढे स्वतः वही लिहायला घेतली तेव्हा कळलं, की त्यांना 'एक्स' इतका पाठ होता, की तो लिहावा लागतो हेच सुचलं नसणार. ज्याला येतं, त्याला काय येत नाही हे दिसत नाही. माझ्या वहीत मी प्रत्येक पानाखाली 'दोष' असा रकाना आखला. पहिली नोंद अशी : 'टारला सी दिल्यास टेप कोरी होते. मी दिला आहे.' खाली सही आणि तारीख. साहेबांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कपाटाचं कुलूप निघालं.

निवृत्तीनंतर माळा आवरताना आईची वही सापडली. कैरीचं लोणचं. मोहरी अंदाजाने, तिखट बेताने, तेल बुडेल इतकं. वाचून हसू आलं. आमची सौ. म्हणाली, "आता याचं काय करायचं? आईही नाहीत विचारायला."

पान उलटलं. मागे पेन्सिलीने एक ओळ होती : 'गेल्या साली बुरशी आली. बरणी ओली होती. माझंच चुकलं.'

त्या उन्हाळ्यात आम्ही बरणी दोन दिवस उन्हात ठेवली. मोहरी जरा जास्त झाली, पण लोणचं वर्षभर टिकलं.