संदर्भसूचीतील नोंदी : वर्धा जिल्ह्यातील साधनांची मांडणी

शोधनिबंधासाठी किंवा प्रबंधासाठी वापरलेल्या साधनांची ठरावीक क्रमाने दिलेली यादी म्हणजे संदर्भसूची. प्रत्येक नोंदीत कर्ता, शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि गरजेप्रमाणे खंड व पृष्ठे येतात. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे यावर विद्यार्थ्यांची व मार्गदर्शकांची जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी नोंद खरी आहे की नाही हे तपासण्यावर होत नाही. नोंद चांगली की वाईट हे मात्र एकाच गोष्टीवरून ठरते : तिच्या आधाराने वाचकाला त्याच पुस्तकाच्या त्याच पानापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

पद्धती अनेक आहेत. साहित्याच्या अभ्यासात एमएलए, शिक्षणशास्त्र व मानसशास्त्रात एपीए, इतिहासात शिकागो आणि वैद्यकात व्हँकुव्हर या पद्धती रूढ आहेत. वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) आणि जवळच सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) असल्याने या पद्धतींची दोन टोके एकाच जिल्ह्यात भेटतात. व्हँकुव्हर पद्धत १९७८ मध्ये त्या शहरात भरलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या बैठकीतून आली. तीत मजकुरात आकडा येतो, सूचीतला क्रम मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने आले त्याप्रमाणे लागतो, लेखकांची आद्याक्षरे टिंबांशिवाय लिहितात आणि नियतकालिकांची नावे आखडती देतात. बाकीच्या तिन्ही पद्धतींत सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. एपीएमध्ये वर्ष कर्त्याच्या लगेच नंतर कंसात येते, एमएलए व शिकागोच्या सूचीत ते प्रकाशकानंतर येते.

एका पुस्तकावरून हे दिसेल. मध्य प्रांताच्या गॅझेटियर मालिकेतला वर्धा जिल्ह्याचा खंड आर. व्ही. रसेल यांनी संपादित केला. शिकागोच्या वळणाने त्याची नोंद अशी : रसेल, आर. व्ही., संपा. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस डिस्ट्रिक्ट गॅझेटियर्स : वर्धा डिस्ट्रिक्ट. अलाहाबाद : पायोनियर प्रेस, १९०६. इंग्रजी पुस्तकाचे नाव मराठीत भाषांतरित करू नये, लिप्यंतर करावे. ‘वर्धा जिल्ह्याची माहिती’ या नावाने ग्रंथपाल ते कधीच काढून देणार नाही. महाराष्ट्र शासनाने याच जिल्ह्याचे गॅझेटियर १९७४ मध्ये नव्याने काढले. तेव्हा नुसते ‘वर्धा गॅझेटियर’ लिहून भागत नाही. १९०६ च्या खंडातला जिल्हा वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन तहसिलींचा आहे. आज तालुके आठ आहेत. देवळी किंवा समुद्रपूरविषयी लिहिणाऱ्याने जुना आकडा नव्या तालुक्याला चिकटवला, तर त्याची चूक सूचीतल्या वर्षावरूनच उघडी पडते.

आवृत्तीचा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो तो गांधींच्या संकलित वाङ्मयाबाबत. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेल्या इंग्रजी संचाचा पहिला खंड १९५८ चा आणि शंभरावा १९९४ चा. बरीच वर्षे के. स्वामिनाथन त्याचे प्रमुख संपादक होते. पहिले नव्वद खंड कालक्रमाने लागले आहेत, ९१ ते ९७ पुरवणीचे आहेत, पुढचे दोन सूचींचे आणि शेवटचा प्रस्तावनांचा. १९९९ मध्ये याची सीडी आली आणि पाठोपाठ छापील ‘सुधारित’ आवृत्ती निघाली. तीत पुरवणीतला मजकूर मूळ कालक्रमात मिसळला. त्यामुळे खंड आणि पाने दोन्ही सरकली. खंडांच्या प्रस्तावना वगळल्या गेल्या आणि काही नोंदी गळाल्या. अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर ही आवृत्ती मागे घेण्यात आली. पण तिचे संगणकावरचे ९८ खंड आजही सगळीकडे फिरतात आणि सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावरही तेच आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ आवृत्तीची पाने पाहता येतात.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. त्या महिन्यातले गांधींचे लेखन आणि भाषणे मूळ आवृत्तीच्या ६६ व्या खंडात आहेत, ९८ खंडांच्या संचात ७२ व्या. नई तालीम या गांधींच्या शिक्षणविचारावरच्या दोन प्रबंधांत एकाच भाषणाला दोन वेगळे खंडक्रमांक दिसतात ते यामुळे. दोन्ही लेखक आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त कोणती आवृत्ती हे कोणीच लिहिलेले नसते. म्हणून इथे प्रकाशकाचे नाव एक वेळ राहिले तरी चालेल, पण ‘मूळ आवृत्ती’ किंवा ‘९८ खंडांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ हे शब्द राहता कामा नयेत. भाषणाची तारीख दिली तर आणखी चांगले, कारण खंड सरकले तरी तारीख सरकत नाही.

त्याच परिषदेतून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. समितीच्या अहवालात कर्त्याच्या जागी समितीचे नाव येते, अध्यक्षाचे नाही. हुसेन, झाकिर अशी नोंद केली की समितीचे बाकीचे सदस्य बेदखल होतात. नई तालीमचे काम करणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची जुनी प्रकाशने हाताळताना गावाचे नावही नीट पाहावे. सेगावला सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. मुखपृष्ठावर सेगाव छापले असेल तर नोंदीत सेगावच राहिले पाहिजे, हवे तर चौकटी कंसात आजचे नाव द्यावे.

कर्ता कोण, हा पेच पवनारच्या एका पुस्तकात छान दिसतो. गीता-प्रवचने ही विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. कर्ता विनोबाच, साने गुरुजींचे नाव शीर्षकानंतर येते : विनोबा. गीता-प्रवचने. शब्दांकन साने गुरुजी. पवनार : परंधाम प्रकाशन. यापुढे हातातल्या प्रतीची आवृत्ती आणि वर्ष लिहावे. १९३२ हे प्रवचनांचे वर्ष आहे, प्रतीचे नव्हे, ते लागलेच तर मजकुरात सांगावे. पुस्तकावर ‘विनोबा’ असेल तर सूचीत ‘भावे, विनायक नरहरी’ करण्याची गरज नाही, फार तर तिथून ‘पाहा : विनोबा’ असा निर्देश द्यावा. संतांच्या बाबतीतही हेच : तुकडोजी महाराज ‘त’ खाली येतात, ‘म’ खाली नाही.

छापील पत्रांतही अशीच गल्लत होते. जमनालाल बजाज यांच्या कुटुंबाला गांधींनी लिहिलेल्या पत्रांचा हिंदी संग्रह काका कालेलकरांनी संपादित केला. एखादे पत्र वापरले तर कर्ता गांधी, मग कोणाला आणि कधी लिहिले, मग संग्रहाचे नाव, मग संपादक. पुस्तक कालेलकरांच्या नावाने कपाटात असते म्हणून पत्रही त्यांच्या नावावर घालणे हा घोटाळा नवशिके हमखास करतात. ‘हरिजन’मधील लेखाला लेखक, लेखाचे नाव, साप्ताहिकाचे नाव, तारीख व पान पुरते. मात्र इंग्रजी ‘हरिजन’, हिंदी ‘हरिजन सेवक’ आणि गुजराती ‘हरिजनबंधु’ ही वेगवेगळी पत्रे आहेत, हे विसरू नये.

भाषणाला प्रसंग, स्थळ आणि तारीख लागते. वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. २०२३ मध्ये त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. ‘वर्धा संमेलनातील अध्यक्षीय भाषण, २०२३’ एवढ्याने कोणते ते कळत नाही. छापील प्रत वापरली की ध्वनिचित्रफीत, हेही सांगावे.

मुलाखतींत मात्र पद्धती एकमेकींना छेदतात. एखाद्या खादी केंद्रातल्या कामगाराशी किंवा सेलूच्या शेतकऱ्याशी स्वतः केलेली बातचीत एमएलएमध्ये सूचीत जाते. एपीएमध्ये ती वाचकाला पुन्हा मिळवता येत नाही म्हणून फक्त मजकुरात, तारखेसह येते. क्षेत्रकार्यावर उभ्या असलेल्या ग्रामीण अभ्यासांवर हा नियम अन्याय करतो. तिथे मुलाखतींची स्वतंत्र यादी परिशिष्टात देणे उत्तम. बोलणाऱ्याने नाव न देण्याची अट घातली असेल तर गाव, व्यवसाय आणि तारीख एवढेच द्यावे.

शासन निर्णयाला विभाग, विषय, क्रमांक आणि दिनांक हवेत. शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातल्या प्रबंधाला विद्यापीठ आणि पदवी मिळाल्याचे वर्ष हवे, नुसता दुवा पुरत नाही. संकेतस्थळावरच्या बदलत्या पानाला ते पाहिल्याची तारीख जोडावी.

मराठी सूचीच्या काही अडचणी मात्र कोणत्याच परदेशी हस्तपुस्तिकेत सुटत नाहीत. जुन्या पुस्तकांवर शक असतो. इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून चैत्राच्या सुरुवातीपर्यंतच्या काळासाठी ७९. महिना ठाऊक नसेल तर शके तसाच ठेवून पुढे अंदाजे सन द्यावा. देवनागरीत तिरपा टाइप नीट दिसत नाही, म्हणून ग्रंथनाम ठळक किंवा एकेरी अवतरणात देण्याची चाल आहे. कोणतीही एक धरावी. क्ष ‘क’ मध्ये आणि ज्ञ ‘ज’ मध्ये लावायचा की दोन्ही वर्णमालेच्या शेवटी, हे आधी ठरवावे, नाहीतर क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर एकाच सूचीत दोन ठिकाणी भटकतात. वर्ध्याच्या विषयांवर साधने मराठी, हिंदी, इंग्रजी आणि पुष्कळदा गुजराती अशी मिश्र असतात. ती भाषावार वेगळी लावणे सोयीचे, पण मग एकाच लेखकाची पुस्तके तीन याद्यांत विखुरतात. गांधी, विनोबा आणि अर्थतज्ज्ञ कुमारप्पा यांच्यावर काम करणाऱ्याने लेखकवार एकच यादी करून प्रत्येक नोंदीच्या शेवटी भाषा लिहिलेली बरी.