कूस बदलण्याचा इतिहास

बल्लारशाहहून नागपूरकडे निघालेली गाडी चंद्रपूर, भांदक, माजरी ही स्टेशने मागे टाकून वरोऱ्याला येते. बल्लारपूर म्हटले की कागद आणि कोळसा, तसे वरोरा म्हटले की आनंदवन. बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी उभारायला घेतलेल्या या वसाहतीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते तिथल्या माणुसकीविषयी जास्त आणि तळपायांच्या जखमांविषयी कमी आहे. आम्हांला या जखमांविषयीच लिहायचे आहे. रुग्णालयात खाटेला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर पडणारे शय्याव्रण आणि कुष्ठरुग्णाच्या तळपायाला पडणारे भोक ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे मूळ एकच: दाब, आणि तो दाब न कळणे.

वर्गात फळ्यावर मांडता येईल असे एक गणित पाहू. ६० किलो वजनाचा माणूस उताणा झोपला आहे आणि त्याच्या अंगाचा ४००० चौरस सेंटिमीटर भाग गादीला टेकला आहे, असे धरा. दर चौरस सेंटिमीटरवर १५ ग्रॅम भार येतो, म्हणजे पाऱ्याच्या मापात सुमारे ११ मिलिमीटर. यूजीन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म काचनळी घालून आतला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर भरला. मग गादीच्या ११ मिलिमीटरने केशवाहिनी मिटायचे कारण काय? कारण आपले गणित सरासरीचे आहे आणि माणूस सपाट नाही. टाच, माकडहाड, खुबा, डोक्याची मागची बाजू या ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे दाब सरासरीच्या कितीतरी पट होतो आणि रक्त पुढे सरकत नाही. यात काळाचाही हात असतो. मायकेल कोसिॲक यांनी १९५९ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब पुष्कळ वेळ, दोन्हींनी पेशी मरतात.

निरोगी माणसाला हे होत नाही, कारण तो स्वस्थ बसत नाही. झोपेतही कूस बदलतो. बाकावर बसलेली मुले तासाला चुळबुळ करतात, त्यातली थोडी कंटाळ्याची असेल; पण पुष्कळशी बुडाखालच्या कातडीने मागितलेल्या रक्ताची असते. (पुढच्या वेळी रागावण्यापूर्वी शिक्षकांनी याचा विचार करावा.) मज्जारज्जू तुटलेल्या, बेशुद्ध किंवा अतिशय अशक्त रुग्णाची ही चुळबुळ थांबते. कुष्ठरोगात पायाच्या मज्जातंतू निकामी होतात आणि चालताना खडा टोचला तरी पाय उचलला जात नाही.

एवढी साधी गोष्ट समजायला वैद्यकाला फार वेळ लागला. १८५० च्या दशकात ब्राउन-सेकार यांनी मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवले होते, की दाब आणि ओल टाळली तर व्रण होत नाहीत. पण पुढे पॅरिसच्या शार्को यांचे मत वजनदार ठरले. मज्जासंस्थेला इजा झाली की कातडीचे पोषणच बिघडते आणि व्रण होतोच, असे ते मत होते. 'होतोच' म्हटल्यावर कोण कशाला लक्ष ठेवील? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात नेमके उलटे सांगितले होते: दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आमच्या मते त्या बऱ्याच अंशी बरोबर होत्या. पण या बरोबर मताचाही एक वाईट परिणाम झाला. जखम म्हणजे परिचारिकेचा गुन्हा ठरला, की ती चादरीखाली झाकली जाते. एका मताने पाहणे थांबवले, दुसऱ्याने सांगणे.

शार्को यांच्या मताला व्यवहारात खरा धक्का दिला तो लुडविग गुटमन यांनी. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेल्या या ज्यू डॉक्टरकडे १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील मज्जारज्जू विभाग आला. कमरेखाली लुळे पडलेले सैनिक तोपर्यंत बहुधा शय्याव्रण आणि मूत्रसंसर्गाने मरत. गुटमन यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला ते रात्री स्वतः फेरी मारीत. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला अशा जायबंदी जवानांसाठी १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

त्याच सुमारास, म्हणजे १९४६ साली, पॉल ब्रँड व्हेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांचे कुष्ठधाम १९३६ पासून चालू होते. आनंदवन सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. कुष्ठरोगात मांस आपोआप झडते, असेच तेव्हा सर्वत्र मानत. ब्रँड यांनी रुग्णांच्या दिनक्रमावर बारकाईने लक्ष ठेवले आणि त्यांना आढळले, की हे मांस इतरांच्या मांसासारखेच भरून येते, फक्त त्याला विसावा मिळाला पाहिजे. व्रण झालेला पाय प्लॅस्टरमध्ये घातला की जखम भरे. बरे झाल्यावर मऊ रबराच्या तळाची चप्पल दिली की पुन्हा व्रण होण्याचे प्रमाण घटे. ही 'एमसीआर' चप्पल कुष्ठरोग कार्यक्रमात आजही वाटली जाते. चंद्रपूर-गडचिरोली भागात कुष्ठरोग अजून संपलेला नाही, त्यामुळे कित्येक शिक्षकांनी ती पाहिली असेल.

ब्रँड यांची आणखी एक शिकवण आम्हांला फार मोलाची वाटते. व्रण फुटण्यापूर्वी ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, म्हणून रोज पायावर हात फिरवून पाहा. पुढे अमेरिकेत त्यांनी हे उष्णताचित्रणाने दाखवले.

हे मोलाचे का, ते रुग्णालयातल्या पद्धतीकडे पाहिले की कळते. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने १९६२ साली धोका मोजण्याची पाच प्रश्नांची गुणपद्धती दिली: प्रकृती, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. २० पैकी १४ किंवा कमी गुण म्हणजे धोका. १९८९ साली अमेरिकेत जखमेच्या चार पायऱ्या ठरल्या, आणि २०१६ साली तिथल्या सल्लागार मंडळाने 'व्रण' हा शब्द सोडून 'दाबाची इजा' असा शब्द घेतला, कारण पहिल्या पायरीवर कातडी फुटलेलीच नसते. तिथे फक्त लाली असते, आणि बोटाने दाबले तरी ती जात नाही.

लाली! गोऱ्या कातडीवर दिसते ती. बल्लारपूरच्या उन्हात रापलेल्या, मुळातच सावळ्या पाठीवर ती शोधणार कशी? दाबल्यावर फिकट होणेही तिथे नीट दिसत नाही. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतील अभ्यासांत काळ्या रहिवाशांच्या जखमा पुढच्या पायरीला गेल्यावरच जास्त नोंदलेल्या आढळल्या. म्हणून आता मार्गदर्शक पुस्तिका सांगतात: रंगावर विसंबू नका, शेजारच्या कातडीशी ताडून पाहा, जागा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, दुखते का. सावळ्या तळपायांवर तळहात ठेवून कुष्ठसेवक जे करीत आले, ते वॉर्डात पोचायला इतकी वर्षे लागली.

नोंदीचेही तसेच. कुष्ठरोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची विकृती शून्य, एक किंवा दोन अशी श्रेणी देऊन लिहितात. दृश्य व्रण असेल तर श्रेणी दोन. अशा रुग्णांचे प्रमाण वाढले, तर त्याचा अर्थ रोग उशिरा सापडतो आहे असा घेतला जातो. त्यासाठी रुग्णाला कोणी बोल लावत नाही. रुग्णालयांना मानांकन देणारे आपले राष्ट्रीय मंडळही शय्याव्रणांचा आकडा मागते. तो खरा यायचा, तर दाखल होतानाच पाठ, टाचा, खुबे पाहून लिहावे लागते: जागा कोणती, किती सेंटिमीटर, कोणती पायरी, घरून आलेली की इथे झालेली. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेल्या रुग्णाबाबत हे शेवटचे कलम फार नाजूक होते, कारण प्रत्येकाला वाटते की जखम आधीच्याची.

आपल्याकडच्या वॉर्डांत कूस बदलण्याचे काम पुष्कळदा खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेली रुग्णाची बायको, आई किंवा सून करते. पाठीला पहिला हात लागतो तो तिचा. ‘इथं ऊन लागून राह्यलं’ असे ती म्हणाली, तर ते वाक्य, तारीख आणि वेळ घालून, तसेच्या तसे केसपेपरवर लिहून घ्यायला एक मिनिट लागते.