जुन्या पोर्शेचा एसी आणि ओझोनचा थर

१/१०
१९७० किंवा १९८०च्या दशकातील पोर्शे ९११ हाती आली की अनेक शौकीन तिचा एसी काढून टाकतात. गाडी हलकी होते, इंजिनाभोवती जागा मोकळी होते. काम वरकरणी काही बोल्ट आणि नळ्यांचे. पण त्या नळ्यांत कोंडलेल्या वायूने विसाव्या शतकाचा इतिहास घडवला आहे.

२/१०
१९२०च्या दशकात घरगुती रेफ्रिजरेटरमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर जिवावर बेतत असे. जनरल मोटर्समधील रसायनतज्ज्ञ थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला. तो म्हणजे फ्रिऑन, अर्थात आर-१२.

३/१०
१९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी हा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, याची सर्वांना खात्री पटली. पुढच्या दशकाच्या उंबरठ्यावर पॅकार्ड कंपनीने मोटारीतही एसी बसवला.

४/१०
९११ मात्र अशा यंत्रणेसाठी घडलेली गाडी नव्हती. तिचे इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. अमेरिकी ग्राहकांसाठी एसी बसवताना कॉम्प्रेसर मागे इंजिनापाशी आणि गारवा देणारा भाग पुढे ठेवावा लागला. परिणामी रबरी नळ्या गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.

५/१०
त्या नळ्यांतून वायू हळूहळू झिरपत असे. एक कंडेन्सर इंजिनाच्या झाकणाखाली होता, त्यामुळे इंजिनाला मिळणारी हवा आधीच तापलेली असे. शिवाय कॉम्प्रेसरचे वजन मागच्या चाकांच्याही मागे पडे. इतके करूनही गारवा बेताचाच मिळे. वेगाच्या उपासकांना हे लोढणे वाटले, यात नवल नाही.

६/१०
खुद्द पोर्शेनेही हलकेपणाचा मान राखला होता. १९७३च्या कॅरेरा आरएसमध्ये पातळ पत्रा आणि पातळ काचा वापरल्या गेल्या. १९८७च्या क्लबस्पोर्टमधून कारखान्यानेच एसी, रेडिओ आणि मागची आसने वगळली. आजचे शौकीन याच परंपरेचा दाखला देतात.

७/१०
दरम्यान १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी धोक्याचा इशारा दिला. आर-१२च्या कुळातील वायू जमिनीजवळ नष्ट होत नाहीत. ते स्थितांबरापर्यंत चढतात. तेथे अतिनील किरणांनी त्यांच्यातील क्लोरीन सुटतो आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. ज्या स्थैर्यामुळे हा वायू सुरक्षित ठरला होता, तेच स्थैर्य घातक निघाले.

८/१०
१९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जगासमोर मांडली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला, म्हणजे क्लबस्पोर्ट अवतरली त्याच वर्षी. अमेरिकेत १ जुलै १९९२पासून असे वायू जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा ठरले. १९९६पासून विकसित देशांत आर-१२चे उत्पादन, मोजके अपवाद वगळता, थांबले.

९/१०
येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. आर-१२ दुर्मीळ आणि महाग झाला. गळक्या यंत्रणेत तो पुन्हा भरण्यापेक्षा एसीच उतरवणे मालकांना सोपे वाटू लागले. पण नळीचा जोड नुसता सैल केला, तर उरलेला वायू फुस्सकन हवेत जातो. म्हणजे ज्या कराराने हा वायू अडवायचा, त्याच्याच परिणामामुळे तो मोकळा होण्याची वेळ आली. एक किलो आर-१२ शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

१०/१०
म्हणून जाणकार मेकॅनिक पाना उचलण्यापूर्वी आत कोणता वायू आहे ते तपासतो, कारण अनेक गाड्यांत नंतर आर-१३४ए भरलेला असतो. मग यंत्राने तो वायू सिलिंडरमध्ये खेचून घेतो, त्यानंतरच जोड उघडतो आणि उघडी तोंडे लगेच बंद करतो. उतरवलेले भाग खुणेच्या चिठ्ठ्या लावून जपले, तर पुढचा मालक गाडी पुन्हा मूळ रूपात आणू शकतो. हवेत गेलेला आर-१२ मात्र कोणालाच परत आणता येत नाही. तो सुमारे शंभर वर्षे वातावरणात टिकतो. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८०च्या पातळीवर यायला साधारण २०६६ साल उजाडेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे.