गेरू, नीळ आणि फुटलेले मडके

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि पाठोपाठ मुंबई पेटली. त्या दिवसांवर आपल्या कवींनी लिहिले, कथाकारांनी लिहिले. रुमाना हुसेन या मुंबईच्या चित्रकर्तीने मात्र कुंचला बाजूला ठेवला आणि फुटलेले मडके हाती घेतले. भारतीय कलेच्या इतिहासात या कृतीला महत्त्व आहे. आपल्या समाजात तिची चर्चा व्हायला हवी.

रुमाना यांचा जन्म १९५२ साली बंगळूरचा. कलाशिक्षण इंग्लंडमध्ये झाले. सुरुवातीची वर्षे त्या तैलरंगात मानवाकृती रंगवीत. धर्म ही त्यांच्या कलेची ओळख नव्हती. दंगलीच्या काळात त्यांच्या कुटुंबाला काही दिवस राहते घर सोडावे लागले. आपण कोण, हे आता नावावरून दुसरेच ठरवीत होते. अशा वेळी नुसत्या कॅनव्हासवर भागेना.

१९९३ पासूनच्या त्यांच्या कृतींत माती, गेरू, नीळ, आरसा, कापड, छायाचित्रे असे सारे एकत्र येते. गेरूने आपल्याकडे कुंड्याही रंगतात, तुळशीवृंदावनही रंगते. नीळ तर घरोघरच्या धुण्यात असते. या वस्तूंना कोणी धर्म विचारीत नाही. परकेपणाच्या आरोपाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते, असे मला वाटते.

अर्धे मडके उपडे ठेवले की घुमट दिसतो. हे साम्य त्यांनी पुढे नेले. चिरलेली पपई, गर्भाशय, किंकाळीसाठी उघडलेले तोंड, सगळेच गोल आणि आतून पोकळ. पाडलेली वास्तू आणि जखमी स्त्रीदेह यांचे नाते त्यांनी असे जोडले. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीएच्या आवारात त्या पायांत घुंगरू बांधून, हातात अर्धी पपई धरून, तोंड उघडे ठेवून संथपणे चालल्या. तोंडातून आवाज मात्र निघत नव्हता.

१९९७ मध्ये त्यांनी बेगम हजरत महल यांच्या कबरीची मांडणी केली. १८५७ मध्ये अवधच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या या बेगमेने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली नाही. १८७९ मध्ये काठमांडूत तिचा अंत झाला आणि कबरही तिथेच राहिली. देशासाठी लढलेल्या मुस्लिम स्त्रीला मायदेशी दोन हात जमीन मिळाली नाही. रुमाना यांनी तिची कबर कलादालनात उभारली. मुसलमान स्त्री म्हणजे केवळ पडदा आणि तलाक, हे समीकरण मानणाऱ्यांना, आपल्यातल्याही आणि बाहेरच्याही, ही मांडणी प्रश्न विचारते.

पुढे कर्करोगाने त्यांना गाठले. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी केलेल्या मांडणीत इस्पितळ आणि दर्गा एकमेकांत मिसळले होते. तिचा विषयच जखम भरून येणे हा होता. त्याच वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या.

रुमाना यांनी फुटलेले तुकडे जोडून अखंड असल्याचा देखावा केला नाही. तडा झाकला नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. मात्र कापलेली पपई सुकते, मांडणी उचलली जाते. मागे उरतात छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी. म्हणूनच ज्या शहराने त्यांना ही भाषा शोधायला लावली, त्या शहराच्या मराठीत या कामाची नोंद राहिली पाहिजे.