तळटीप ३ : बुराडी घाट
३. दिल्लीच्या उत्तरेस, यमुनेच्या पश्चिम काठावरचा उतार. नदीलगतच्या सखल पट्ट्याला तिकडचे शेतकरी ‘खादर’ म्हणतात. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. हिवाळ्यात पाणी ओसरले की पात्रात बेटे उघडी पडतात, त्यांवर पुरुषभर उंचीचे गवत आणि झाऊची झुडपे माजतात. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीला, मराठ्यांवर चालून येणारे नजीबखानाचे रोहिले याच आडोशाने नदी ओलांडून अलीकडच्या काठावर आले. मराठा सेनानी दत्ताजी शिंदे इथे लढताना पडले, त्यांचे पुतणे जनकोजी गोळी लागून जखमी झाले. दत्ताजींचे शौर्य आपण सांगतोच. पण ही भूमी डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्या दिवसाचा घात उमगत नाही. बुराडी गाव आज दाट वस्तीचे आहे, पण नदीला पूर अजूनही येतो. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली.